इमारतीने बोलावे कसे

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीला आग लागली. तळमजल्यावरचा धूर भराभर वर चढला. झोपेतून उठलेल्यांनी जिना उतरायचा, गच्ची गाठायची, की दार लावून घरातच थांबायचे? किमान सात जण त्या पहाटे दगावले. घंटा वाजली तरी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते देते माणसाच्या भाषेत बोलणारी यंत्रणा.

न्यूकासलच्या मोन्युमेंट या भुयारी स्थानकात प्रू आणि साइम या संशोधकांनी केलेला प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या घंटेवर प्रवासी फारसे हललेच नाहीत. काय घडले आणि कुठे जायचे हे सांगताच झपाट्याने निघाले.

पण सांगितलेले कळायला हवे, आणि खरी मेख तिथेच आहे. अंधेरीतल्या एखाद्या नव्या टॉवरच्या लॉबीत टाळी वाजवून पाहा. संगमरवर आणि काच आवाज शोषत नाहीत, टाळी घुमत राहते. अशा जागी आवाज वाढवला की घुमणेही तितकेच वाढते. स्वर ऐकू येतात, व्यंजने बुडतात. म्हणून एका मोठ्या भोंग्याऐवजी लहान स्पीकर जवळजवळ, बेताच्या आवाजात लावावेत. बोलणे किती कळते ते ० ते १ या निर्देशांकाने मोजतात, साधारण ०.५ गाठायचा असतो. एकाच मजल्यावरचे स्पीकर आळीपाळीने दोन वेगळ्या वायरींवर जोडतात, म्हणजे एक वायर जळाली तरी मजला मुका होत नाही.

संदेशाच्या शब्दरचनेकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते, याची मला खंत आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘लिफ्ट वापरू नका’ मधला ‘नका’ गोंगाटात हरवला, तर उरते ते घातक. त्यापेक्षा ‘जिन्यानेच उतरा’ म्हणावे. घाटकोपर-मुलुंडला मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषा घेतल्या तर प्रत्येक वाक्य आखूडच हवे, नाहीतर आपल्या भाषेची पाळी येईपर्यंत माणूस चुकीच्या दाराशी पोहोचलेला असतो.

आणि ध्वनिमुद्रित संदेश परिस्थितीशी जुळेनासा झाला, की पॅनलजवळचा माइक रात्रपाळीच्या वॉचमनच्या हाती येतो. यंत्रणेच्या आराखड्यात त्याचे प्रशिक्षणही धरा.