तिकीट नंबर आणि डीबेस

प्रभादेवीत अप्पासाहेब मराठे मार्गालगत आज जे उंच मनोरे दिसतात, त्यांतले काही स्टँडर्ड मिलच्या जमिनीवर उभे आहेत. गिरणीच्या दारातून आत जाणारा कामगार हजेरीपुस्तकात ओळखला जाई तो तिकीट नंबराने. त्याला कारण होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या माणसांत एकाच गावचे, एकाच आडनावाचे, कधी वडिलांचे नावही तेच असलेले दोघे एकाच साचाखात्यात असू शकत. नावाने पगार वाटला तर तो चुकीच्या हाती जाण्याची भीती. नंबर मात्र एकाच माणसाचा. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांची शिस्तवार नोंद सुरू केली, तेव्हा बदलीवाल्यालाही नोंदीत जागा मिळाली. या नोंदींचे खरे मोल पुढे कळले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि पुढे घरांचा प्रश्न आला तेव्हा अट पडली ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असण्याची. जून २०१२मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, तेव्हा तीस वर्षांपूर्वीचे तिकीट आणि भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी हेच कामगाराच्या हाती पुरावे होते. घरातल्या जुन्या संगणकावर डेटाबेससाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न या इतिहासाच्या उजेडात पाहावा असे मला वाटते. यंत्राला काय पेलेल, हे आपण आधी विचारतो. पण यंत्र मेल्यावर नोंद कोणाला वाचता येईल, हे आधी विचारायला हवे.

नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयातकर कमी झाले आणि पीसी सामान्य कचेऱ्यांच्या आवाक्यात येऊ लागला. ६४० केबी स्मृती आणि ३६० केबीच्या फ्लॉपी, इतकाच त्याचा संसार. पण पतपेढीच्या किंवा सोसायटीच्या हिशोबाला तो तोकडा नव्हता. एका सभासदाच्या नोंदीला २०० बाइट धरले तर १,५०० सभासदांचे ३ लाख बाइट होतात, म्हणजे अख्खी पतपेढी एका फ्लॉपीवर मावते. या कामासाठी देशभर जे नाव रूढ झाले ते डीबेस. वेन रॅटलिफ यांनी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या एका जुन्या प्रणालीच्या धर्तीवर ते रचले आणि अ‍ॅश्टन-टेट कंपनीने विकले. त्यापाठोपाठ त्याच भाषेत चालणारे, पण वेगवान फॉक्सबेस आणि फॉक्सप्रो आले. या सर्वांमागे डीबीएफ हा एकच साचा होता, आणि माझ्या मते त्यांचे यश त्या साच्यात होते. फाइलच्या सुरुवातीला रकान्यांची नावे व रुंदी, मग एकाखाली एक सारख्या लांबीच्या ओळी. आकडेसुद्धा साध्या अक्षरांत लिहिलेले. तारीख आठ अंकांत, वर्षाचे चारही आकडे धरून. त्यामुळे २०००च्या घबराटीत पडद्यावर दोनच आकडे दिसत असले तरी फाइलीत शतक शाबूत होते. नोंद खोडली की ती जात नसे. ओळीच्या आरंभी फक्त फुलीसारखी खूण पडे, आणि ‘पॅक’ म्हणेपर्यंत ती परत आणता येई. सहकारी कायद्याच्या ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यांतली सभासद-नोंदवही ज्याने हाताने लिहिली, त्याला हे सांगावे लागत नाही. वहीतही पान फाडत नाहीत. लाल शाईने आडवी रेघ मारतात.

यावर पहिला आक्षेप रोखठोक आहे: हे सॉफ्टवेअर चालले ते फुकट मिळाले म्हणून. अमेरिकेत त्याची किंमत ६९५ डॉलर होती. इथल्या कारकुनाने ती मोजली असती असे कोणी म्हणणार नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर प्रती गेल्या, हे खरेच. पण तितक्याच सहजपणे इतर डेटाबेसच्याही प्रती निघत होत्या. सगळेच फुकट असेल तर फुकटपणाने निवडीचा उलगडा होत नाही. १९८८ला आलेल्या डीबेस-४ची प्रतही काढता येत होती. पण ते जड होते, त्यात चुका होत्या, आणि लोक जुन्या डीबेस-३ प्लसला किंवा फॉक्सला चिकटून राहिले. पुढे १९९१ला अ‍ॅश्टन-टेट बोरलँडने घेतली, १९९२ला फॉक्स मायक्रोसॉफ्टकडे गेली. मालक बदलले, पण फाइल तीच राहिली.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा, आणि तो वजनदार आहे. एडगर कॉड यांनी १९७०मध्ये संबंधाधारित डेटाबेसचा सिद्धांत मांडला. त्या कसोटीला डीबेस उतरत नाही. एका फाइलीतला सभासद दुसऱ्या फाइलीत खरोखर आहे का, हे ते स्वतःहून तपासत नाही. कबूल. एका सभासदाची तीन कर्जे, दोन जामीनदार असा व्यवहार असला की निष्काळजी माणूस नावे पुन्हा पुन्हा लिहितो आणि गोंधळ वाढतो. पण नाव एकदाच लिहावे, बाकी सर्वत्र नंबर धरावा, ही गोष्ट गिरणगावाला पुस्तकातून शिकायची नव्हती. पगारपत्रक, रजेची वही, पतपेढीचे खाते, सारे तिकीट नंबराने जुळत होते. जी शिस्त सॉफ्टवेअरने लावली नाही, ती कामाच्या रीतीत आधीच होती. ग्रंथालयाची गोष्ट मात्र वेगळी. एका पुस्तकाचे चार लेखक, लांबलचक उपशीर्षक, अनेक विषय. ठरीव रुंदीच्या रकान्यांत हे कोंबणे म्हणजे पुस्तकावर अन्याय. तिथे युनेस्कोने दिलेले सीडीएस-आयसिस निःसंशय सरस होते.

सर्वांत कठीण प्रश्न लिपीचा, आणि तिथेच सर्वांत मोठे नुकसान झाले. सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवरच्या डीबेसमध्ये देवनागरी लिहिता येऊ लागली. त्यामागची इस्की संहिता उच्चाराच्या क्रमाने अक्षरे साठवते: ‘प्रभादेवी’ हा शब्द नऊ बाइटांत बसतो, आणि ‘किरण’ ‘क’च्या घरातच राहतो. पण कार्डाला पैसे लागत. पुढे विंडोज आल्यावर अनेकांनी सुटसुटीत फाँट घेतले, ज्यांत अक्षराचा आवाज न साठवता त्याचे चित्र साठवले जाई. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून ती आधीच नोंदली गेली. किरण आणि किसन ‘क’ सोडून वेलांटीच्या रांगेत जाऊन बसले. छापील कागद देखणा आला. पण यादी मराठी वर्णक्रमाने लावता येईना, आणि फाँट हरवला की नावे वाचताही येईनात. इतरांनी रोमन लिपी पत्करली आणि कांबळ्यांचा ‘ळ’ कायमचा गमावला. आज युनिकोड हेच उत्तर आहे, यात शंका नाही. मात्र त्याच्या नेहमीच्या यूटीएफ-८ रूपात ‘प्रभादेवी’ला सत्तावीस बाइट लागतात, आणि वीस अक्षरांचा जुना रकाना त्याला पुरत नाही.

म्हणून जुन्या विंडोजच्या यंत्रावर आज नवी नोंद सुरू करायची असेल, तर मी एसक्यूलाइट सुचवीन: एकच फाइल, खुला साचा, युनिकोड आणि जुन्या यंत्रालाही हलके. अ‍ॅक्सेसचे फॉर्म अधिक सोपे आहेत हे मान्य, पण त्याची फाइल एका कंपनीच्या दाराशी बांधलेली आहे. जुन्या डीबीएफ फाइली सापडल्या तर त्या लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात. जिस्टवर लिहिलेली मराठी नावे तिथे विचित्र खुणांसारखी दिसतील, कारण इस्कीने देवनागरीला संहितेचा वरचा अर्धा भाग दिला होता. खालचा अर्धा इंग्रजी अक्षरे आणि अंकांसाठी जसाच्या तसा ठेवला होता. त्यामुळे नावे उलगडण्याआधीच, त्या अंकांत भरलेला तिकीट नंबर आणि भरतीची तारीख मात्र स्वच्छ वाचता येते.