शेवंतीचा धूर

आमच्या परसात दोन जास्वंदी आहेत, थोडी अबोली आहे आणि कुंपणालगत शेवंतीचा एक वाफा आहे. दिवाळीच्या तोंडावर शेवंतीला बहर येतो आणि पावसाचे पाणी कुठे कुठे साचून राहिलेले असल्यामुळे त्याच सुमारास डासांनाही येतो. घरची मंडळी संध्याकाळी तिथे खुशाल गप्पा मारीत बसतात. मला मात्र एक डास चावला, की रुपयाएवढी गांधी उठते, रात्रीपर्यंत टरारून फुगते आणि चार दिवस खाजते. "एवढ्याशा डासाचे काय ते कौतुक!" असे म्हणणाऱ्यांच्या अंगावर ठिपकाही उमटलेला नसतो.

पण हे कौतुक नव्हे. चावते ती मादी. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. रक्त गोठू नये म्हणून ती सोंडेबरोबर आपली लाळ त्वचेत सोडते आणि शरीर त्या लाळेला शत्रू समजते. कोणाचे शरीर नुसते खाकरते, माझे सारा गाव गोळा करते, एवढाच काय तो फरक.

हे दुखणे आजचे नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तच्या पाणथळ मुलखातील लोकांविषयी लिहून ठेवले आहे, की दिवसा ज्या जाळ्याने ते मासे धरीत, तेच रात्री बिछान्याभोवती लावून झोपत. आमची आजी शेणीच्या निखाऱ्यावर कडुलिंबाचा पाला टाकून धुरी करी. डास जात, पण आमचेही डोळे चुरचुरत. जपानातही लोक असेच काहीबाही जाळून धूर करीत.

त्या जपानातील वाकायामा प्रांतात एइइचिरो उएयामा नावाचा संत्र्यांच्या बागायतदाराचा मुलगा होता. १८८६ साली एका अमेरिकन व्यापाऱ्याकडून त्याला एका फुलझाडाचे बी मिळाले. हे झाड मूळचे एड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशियाचे, फूल पांढरे, मधोमध पिवळे. आपल्या शेवंतीची जणू लांबची बहीणच. (आपल्या शेवंतीपाशी कितीही बसा, डास हटत नाही. मी बसून पाहिले आहे!) या फुलाची पूड किड्यांच्या मज्जातंतूंवर घाव घालते. पण ती जाळायची कशी? निखाऱ्यावर भुशाबरोबर टाकली तर ऐन उन्हाळ्यात शेगडीजवळ बसावे लागे. उएयामाने देवापुढची उदबत्ती पाहिली आणि १८९० मध्ये या पुडीची उदबत्ती केली. ती बारीक होती. चाळीसेक मिनिटांत संपे. माणसाला झोप लागायची, उदबत्ती विझायची आणि डास जेवायला बसायचे.

तोड सुचली ती त्याच्या पत्नीला, युकीला. उदबत्ती लांब आणि जाड करा आणि तिचे वेटोळे घाला, असे तिने १८९५ मध्ये सुचविले. सांगायला दोन वाक्ये लागली, पण ते वेटोळे बाजारात यायला १९०२ साल उजाडले. ओली बत्ती वळायची, वाळवायची, तरी चिकटता कामा नये नि मोडताही कामा नये, यातच सात वर्षे गेली. पुढे कित्येक वर्षे बायामाणसे दोन दोन बत्त्या एकत्र धरून ती हाताने वळीत. आजही कॉइल जोडीने येते आणि सोडविताना एकीचा तुकडा पडतो तो त्यामुळेच. तिने मात्र रात्र निभावली. युकीचे नाव निदान नोंदलेले तरी राहिले. घरात अशा किती तोडी बायकांना सुचतात आणि पुढे 'आमच्याकडे पूर्वीपासून असेच करतात' या वाक्यात विरून जातात!

आता बहुतेक कॉइलींत ते फूल उरलेले नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत त्याच्या द्रव्याची कृत्रिम नक्कल तयार झाली आणि तिच्या पुढच्या पिढ्या आज जळत असतात. धूरही निर्दोष नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. म्हणून बंद खोलीत मी ती लावीत नाही.

परसात मी लांब बाह्यांचे पोलके घालते, कुंड्यांखालच्या थाळ्या दर रविवारी पालथ्या करते आणि खुर्चीशेजारी टेबलफॅन ठेवते; डास उडण्यात फार दुबळा असतो, वाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. शेजारच्या काकू फॅनची वायर अंगणभर पसरलेली पाहून हसतात. परवा मात्र त्याच खुर्ची ओढून माझ्या बाजूला, वाऱ्यात येऊन बसल्या.