निलंबनाचे साहाय्यक पर्याय

शाळेत तंबाखू, ई-सिगारेट, मद्य किंवा गांजा यांचे सेवन करताना आढळलेल्या विद्यार्थ्याला घरी न बसवता शाळेतच समुपदेशन व शिक्षण देण्याची पद्धत. अमेरिकेतील शाळांत १९९० च्या दशकात ‘शून्य सहनशीलता’ धोरण, म्हणजे नियमभंगाला सरसकट निलंबनासारखी कठोर शिक्षा, रूढ झाले. त्याने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कृतिदलाला आढळला नाही (अहवाल, २००८). निलंबित मुलाचा अभ्यास बुडतो, दिवस देखरेखीविना जातो आणि व्यसनाचे मूळ कारण तसेच राहते.

पेन ड्राइव्हसारखी दिसणारी ‘जूल’ ही ई-सिगारेट २०१५ मध्ये बाजारात आली. मुठीत सहज लपणाऱ्या अशा उपकरणांमुळे शाळेतील सेवनाचा प्रश्न तीव्र झाला. अमेरिकन लंग असोसिएशनचा ‘इनडेप्थ’ हा निलंबनाऐवजी राबवला जाणारा प्रमुख कार्यक्रम होय. त्यात प्रशिक्षित प्रौढ व्यक्ती प्रत्येकी ५० मिनिटांची चार सत्रे घेते. निकोटिनविषयीची तथ्ये, व्यसन जडण्याची प्रक्रिया, तल्लफ आल्यावरचे पर्याय आणि पुढील वाटचाल असा त्यांचा क्रम असतो. ‘इनडेप्थ’चा भर शिक्षणावर आहे, व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी त्याच संस्थेचा ‘नॉट ऑन टोबॅको’ हा स्वतंत्र कार्यक्रम आहे.