शब्द थांबतात तेथून : मॅरियन चेस यांचे कार्य

साहित्याच्या अभ्यासकांची शब्दांवर श्रद्धा असते. दुःख बोलून दाखवले की हलके होते, हे आम्ही वर्गात इतक्या वेळा सांगतो की त्याविषयी शंका घेण्याचे आम्हाला सुचतही नाही. परंतु आघाताने माणसाचे बोलणेच हिरावून घेतले असेल तर काय करावे? विसाव्या शतकाच्या मध्यावर एका नर्तकीने या प्रश्नाला दिलेले उत्तर साहित्याच्या माणसांनी जाणून घ्यावे असे आहे.

मॅरियन चेस यांचा जन्म १८९६ चा, अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातला. तरुणपणी पाण्यात सूर मारताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली आणि पाठ बळकट व्हावी म्हणून डॉक्टरांनी त्यांना नृत्याचा सल्ला दिला. पुढे रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या ‘डेनिशॉन’ या प्रसिद्ध संस्थेत त्या शिकल्या व वॉशिंग्टनमध्ये शिकवू लागल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या सर्वांनाच रंगमंचावर जायचे नव्हते; काहीजण तर मुळीच नाचणारे वाटत नसत, तरीही नेमाने येत. त्यांना येथे नेमके काय मिळते, या कुतूहलातून चेस यांचे लक्ष पदन्यासाच्या अचूकतेवरून नाचणाऱ्या माणसाकडे वळले. हळूहळू शहरातील डॉक्टरही आपले रुग्ण त्यांच्याकडे पाठवू लागले.

१९४२ मध्ये वॉशिंग्टनच्याच सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी काम सुरू केले. महायुद्ध चालू होते आणि आघाडीवरून मन विस्कटलेले सैनिक परतत होते. मनोविकारांवर परिणामकारक ठरलेले क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत उपलब्ध व्हायला १९५४ साल उजाडायचे होते. तोवर विजेचे झटके, इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी असे उपचार रूढ होते. मेंदूचे धागे छेदणारी लोबोटॉमी अमेरिकेत प्रथम झाली ती १९३६ मध्ये, याच शहरात. ती करणाऱ्या दोघा डॉक्टरांपैकी वॉल्टर फ्रीमन हे पूर्वी याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे तबकड्यांवरचे संगीत घेऊन वॉर्डात शिरणाऱ्या या बाईंचे वेगळेपण कळते.

त्यांची पद्धत वरवर साधी होती. आरंभी बहुधा वॉल्ट्झची संथ, तीन मात्रांची लय असे. कोणी जागेवर झुलत असे, कोणी मूठ आवळून बसलेला असे. चेस प्रत्येकाजवळ जात आणि त्याची हालचाल आपल्या शरीरात उतरवून तिला प्रतिसाद देत. येथे एक नाजूक भेद आहे. हुबेहूब नक्कल केली तर ती टवाळी ठरू शकते. त्यांना हवा होता तो त्या हालचालीमागच्या भावनेचा स्वीकार. मग एकेक जण वर्तुळात येई. कडेला उभे राहून नुसता पाय हलवणे हाही सहभागच मानला जाई. पाय आपटण्यातला राग सर्वांच्या तालात मिसळला की त्याला वाट मिळे, आणि शेवटी सारे पुन्हा वर्तुळात येऊन थांबत. या उपक्रमाचे नाव होते ‘संवादासाठी नृत्य’.

साहित्याच्या इतिहासात मात्र हे रुग्णालय वेगळ्याच कारणाने येते. एझ्रा पाउंड १९४५ च्या अखेरीपासून १९५८ पर्यंत येथे होते. देशद्रोहाच्या आरोपाखालील या कवीला भेटायला कवी व समीक्षक येत, त्यांच्या कवितेला १९४९ मध्ये बोलिंजन पुरस्कार मिळाला आणि त्यावरून मोठा वाद झाला. हे सारे ग्रंथांत आहे. त्याच काळात त्याच आवारात जे सैनिक वर्तुळात उभे राहून कदाचित महिन्यांनंतर प्रथमच कोणाचा हात धरत होते, त्यांच्याविषयी आपण वाचतो ते डॉक्टरांच्या आणि चेस यांच्या नोंदींतून. हालचाल संहिता मागे ठेवत नाही. इतिहास संहितांवर उभा राहतो, म्हणून शब्द गमावलेल्यांचा इतिहास नेहमी दुसऱ्याच्या शब्दांत येतो. ही उणीव आमच्या अभ्यासपद्धतीचीही आहे.

यात चमत्कार शोधू नये. वर्तुळात नाचलेले अनेकजण वॉर्डातच राहिले. चेस यांनीही नृत्याकडे इतर उपचारांच्या सोबतीने चालणारे काम म्हणूनच पाहिले. १९६६ मध्ये अमेरिकन नृत्योपचार संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतः फार लिहिले नाही. त्यांच्या कामाची तत्त्वे पुढे शिष्यांनी मांडली. आपल्याकडे कोलकात्याच्या ‘संवेद’ने २००४ पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत नृत्योपचाराचे काम उभे केले आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीने या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही चालवला.

वर्गात एखादा विद्यार्थी अचानक गप्प होतो, तेव्हा ‘बोल, मन मोकळे कर’ हाच उपाय आम्हाला सुचतो. चेस यांचे काम वाचल्यापासून आम्ही जरा थांबू लागलो आहोत. कधी नुसते सोबत चालत फाटकापर्यंत जावे, त्याच्या चालीने. बोलणे आलेच तर त्यानंतर येते.