६ जुलै : केट शेलीची रात्र

१८८१ : अमेरिकेच्या आयोवा राज्यात मॉइंगोना गावाजवळ मुसळधार पावसात हनी क्रीक या ओढ्यावरचा रेल्वेपूल कोसळला. रुळांची पाहणी करायला निघालेले इंजिन चार कर्मचाऱ्यांसह पाण्यात गेले. जवळच राहणारी केट शेली ही दिवंगत रेल्वे कामगाराची मुलगी आवाज ऐकून धावली. मध्यरात्रीची एक्स्प्रेस याच मार्गाने येणार, हे तिला ठाऊक होते. हातातला कंदील विझलेला, खाली फुगलेली डी मॉइन नदी. तशात नदीवरचा लांबच लांब पूल तिने रांगत ओलांडला आणि स्टेशन गाठून इशारा दिला. चौघांपैकी दोघे वाचले. विलक्षण धैर्य! पुढे १९०३ पासून तिने त्याच स्टेशनवर नोकरी केली.

या परिसराने ही आठवण मनापासून जपली आहे. मॉइंगोनात तिच्या नावाचे छोटे रेल्वे संग्रहालय आहे. शेजारच्या बूनमध्ये रेल्वेप्रेमींनी १९८३ मध्ये सुमारे १९ किलोमीटरचा जुना लोहमार्ग वाचवून पर्यटक गाड्या सुरू केल्या. १९८९ मध्ये त्यासाठी थेट चीनमधून वाफेचे कोरे इंजिन आणले. नदीवरचा १९०१ चा उंच पूल केटच्या नावाने ओळखला जातो. २००९ मध्ये शेजारी बांधलेल्या नव्या पुलालाही तिचेच नाव आहे.