काळ्यापांढऱ्यांतली ओळख

श्रोतेहो, देवणी म्हटलें कीं त्या गांवाच्या नांवाचा काळापांढरा गोवंश आठवतो. आज मात्र मला त्या मुलखांतील माणसांना छायाचित्रांत स्वतःचा चेहरा कसा लाभला, तें सांगावयाचें आहे. आज लातूर जिल्ह्यांत असलेली देवणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. म्हणून या कथेचा धागा आपणांस हैदराबादेकडे नेतो.

त्याआधीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. इंग्रज सरकारनें १८६८ ते १८७५ या काळांत 'द पीपल ऑफ इंडिया' या नांवाचे आठ खंड काढले. त्यांतील पुष्कळ चित्रांखालीं व्यक्तीचें नांव नाहीं; जातीचें वा जमातीचें आहे. चेहरा एका माणसाचा, ओळख मात्र समूहाची, आणि तीही परक्यानें ठरविलेली!

याउलट स्टुडिओंत जाणारा मनुष्य आपण होऊन जाई. पोशाख कोणता ल्यावा, हातांत काठी घ्यावी कीं पुस्तक, हें तो स्वतः ठरवी. हैदराबाद संस्थानांत ही कला नांवारूपास आणली लाला दीनदयाळ यांनीं. ते १८४४ सालीं मीरतजवळ सरधना येथें जन्मले, रुरकीस स्थापत्य शिकले आणि इंदुरास बांधकाम खात्यांत नोकरीस लागले. पुढें सिकंदराबादेस त्यांनीं स्टुडिओ थाटला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं त्यांना 'राजा' हा किताब दिला. १८९२ सालीं त्यांनीं हैदराबादेंत केवळ स्त्रियांसाठीं झनाना स्टुडिओ उघडला; त्याची व्यवस्था मिसेस केनी-लेव्हिक नांवाच्या इंग्रज बाईंकडे होती. पडदा सुटला नाहीं, हें खरें. परंतु पडद्याआडच्या स्त्रीला आपलें रूप परपुरुषासमोर न येतां टिपून घेण्याची सोय झाली. ही सोय खानदानी घरांपुरतीच होती, हेंही विसरतां येत नाहीं.

आतां त्या काचेविषयीं दोन शब्द. जुन्या साध्या प्लेटला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, आणि निळा मात्र फार प्रखर दिसे. त्यामुळें कपाळावरचें कुंकू काळें उमटे, तांबडें लुगडें काळें होई आणि निळें आकाश पांढरें पडे. सावळी कांति असे त्याहून गडद दिसे. मग कारागीर काचेवर पेन्सिलीनें नाजूक रेघा ओढून चेहरा उजळीत. ज्याला आपण सत्याचा आरसा म्हणतों, त्यांत रसायनाचा दोष, कारागिराचा हात आणि बसणाऱ्याची हौस अशीं तिन्ही मिसळलेलीं असत. 'मी असा आहें' याच्या जोडीला 'मला असें दिसावयाचें आहे' हेंही तें चित्र बोले. माझ्या मतें तेंच त्याचें मोल होय.

काळ फिरला. १९९३ पासून निवडणूक आयोगानें मतदारांना छायाचित्राचीं ओळखपत्रें देण्याचें ठरविलें. त्यांवरील चेहरा प्रारंभीं काळापांढरा असे; त्याखालीं नांव आहे, हा मोठाच लाभ. पण तेथें बसण्याची ढब मनुष्याची नाहीं, नियमाची आहे.

तेव्हां श्रोतेहो, एक विनंती. आपल्या भिंतीवर पणजीचें जुनें छायाचित्र असेल, तर तें उतरवा आणि ठाऊक असणाऱ्या वडील माणसांस विचारून मागील बाजूस तिचें नांव लिहा. 'अमक्याची पत्नी' एवढेंच नव्हे. तिचें स्वतःचें नांव. तीं माणसें गेलीं, तर घरच्याच भिंतीवर आणखी एक अनाम चेहरा उरेल.