व्हॉलीबॉलमध्ये टीमला टच किती? ब्लॉकचा टच मोजतात का? जाणून घ्या नियम

जुन्नर/आंबेगाव : गावच्या मैदानावर मॅच रंगात आली की एक वाद हमखास होतो. "चार टच झाले!" एक बाजू ओरडते. "पहिला ब्लॉकचा होता, तो धरत नाहीत!" दुसरी बाजू म्हणते. बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूचं बरोबर असतं, पण नियम माहीत नसल्यानं पॉइंट जातो. शालेय तालुका स्पर्धेत अशा एका पॉइंटवर पोरांचा पुढचा रस्ता बंद होऊ शकतो. म्हणून हा नियम नीट समजून घेतलेला बरा.

मूळ नियम
बॉल आपल्या बाजूला आल्यावर जास्तीत जास्त तीन टचमध्ये तो नेटपलीकडे गेला पाहिजे. तीन टच करायलाच पाहिजेत असं नाही, एका टचमध्ये परत पाठवला तरी चालतो. चौथा टच झाला की पंच चार बोटं वर करतात आणि पॉइंट समोरच्या टीमला जातो.

ब्लॉकचा टच
ब्लॉकचा टच तीनमध्ये धरत नाहीत. समजा, नारायणगावच्या खेळाडूनं स्मॅश मारला, मंचरच्या दोघांच्या हाताला लागून बॉल मागं गेला. मंचरला अजून पूर्ण तीन टच मिळतात. एवढंच नाही, ज्यानं ब्लॉक केला तोच पहिला टचही घेऊ शकतो. बॉल उलटा नारायणगावकडे पडला, तर त्यांनाही नव्यानं तीन टच.

मात्र ब्लॉक म्हणजे नेटजवळ, नेटच्या वर हात असताना लागलेला बॉल. हात नेटच्या खाली असताना लागला तर तो पहिला टच धरला जातो. वाद बहुतेक इथंच होतो.

डबल टच कधी?
- एकाच खेळाडूनं लागोपाठ दोनदा बॉल खेळला की फाऊल. पंच दोन बोटं दाखवतात.
- टीमच्या पहिल्या टचला सूट आहे. सर्व्हिस किंवा स्मॅश उचलताना एकाच हालचालीत बॉल हाताला लागून खांद्याला लागला तरी चालतो.
- दुसऱ्या-तिसऱ्या टचला ही सूट नाही. सेटरनं ध्यानात ठेवावं.
- बॉल पकडला किंवा ढकलत नेला तर पहिल्या टचलाही फाऊलच.

दोघांचे हात एकदम लागले तर?
एकाच टीमच्या दोघांनी एकाच वेळी बॉलला हात लावला, तर दोन टच धरतात (ब्लॉक सोडून). दोघं धावले पण एकाचाच हात लागला, तर एकच टच. नेटवर दोन्ही टीमचे हात एकदम लागून बॉल खेळात राहिला, तर ज्यांच्याकडे पडला त्यांना नव्यानं तीन टच.

नेटला लागला तर?
आपलाच बॉल नेटला लागून परत आला, तर खाली पडायच्या आत उचलता येतो. पण टच मोजणं तिथून पुन्हा सुरू होत नाही.

बीच व्हॉलीबॉल वेगळं
टीव्हीवर वाळूत दोघा-दोघांचा खेळ दिसतो, त्यात ब्लॉकचा टच तीनमध्येच धरतात. गावाकडच्या शूटिंगबॉलचे नियमही वेगळे आहेत. एकाचे नियम दुसऱ्यात घुसडू नयेत.

१८९५ मध्ये अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला, तेव्हा टचला मर्यादाच नव्हती. तीन टचचा नियम नंतर आला.

मॅच सुरू होण्याआधी दोन्ही कॅप्टननी पंचांना ब्लॉकच्या टचबद्दल विचारून घ्यावं. मॅच चालू असताना शंका आली तर पंचांशी फक्त कॅप्टननंच बोलायचं, सगळ्या टीमनं आणि प्रेक्षकांनी नाही.